पायटेके साहेबांचा एण्डो

दुचाकीच्या परवान्यासाठी जो आठचा आकडा काढावा लागतो, तो इंग्रजी आठ असतो. मराठी आठ असता तर अर्धं जग पहिल्या फटक्यात पास झालं असतं. एक वळण घेतलं, शेपूट सोडलं, संपलं. इंग्रजी आठाला सुरुवात नाही की शेवट नाही, आणि त्याच्या दोन पोटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत भल्याभल्यांचा तोल जातो. तोल गेला की पाय टेकतो. आणि पाय टेकला की परीक्षा घेणारे साहेब हातातल्या पॅडवरून नजरही न उचलता म्हणायचे, "पाय टेकला. नापास. पुढचा."

बावीस वर्षं हेच चाललं होतं. साहेबांचं खरं आडनाव हजेरीपटाखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. उमेदवार त्यांना आपसात 'पायटेके साहेब' म्हणायचे, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की एका गृहस्थांनी चक्क 'माननीय पायटेके साहेब' अशा मायन्याचा अर्ज दिला होता. साहेबांनी त्यातलं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि अर्ज घेतला. राग त्यांना आला नाही. आपण कुणाला विनाकारण नापास केलेलं नाही, ही त्यांची खात्री होती, आणि खात्री असलेल्या माणसाला आडनावानं काय फरक पडतो?

त्या सकाळी मैदानावर चाळीसेक उमेदवार रांगेत होते. एकोणिसावी होती सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'नमुने गोळा करणे.'

"कसले नमुने?" साहेबांनी विचारलं.

"रक्ताचे. लॅबसाठी. घरोघर जाऊन."

"आम्हाला वाटलं, माणसांचे," रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि नमुनेवाली हे तिचं नाव तिथल्या तिथे पक्कं झालं.

नमुनेवाली मागून आणलेल्या स्कूटरवरून आठात शिरली. पहिलं पोट झकास काढलं. मग त्या चिंचोळ्या जागेत, जिथे बाकीचे घाबरून एक्सिलरेटर पिळतात, तिथे ती थांबली. नुसती थांबली. दोन्ही पाय वर, हात हँडलवर, आणि चेहरा असा, की मावशीकडे सोफ्यावर बसून चहाची वाट बघतेय. साहेबांनी मनात नऊपर्यंत आकडे मोजले. मग ती हळूच निघाली आणि उरलेला आठ पुरा केला.

"नापास," साहेब म्हणाले.

"का? पाय टेकला?"

"नाही."

"रेषेला चाक लागलं?"

"नाही. पण तुम्ही थांबलात."

"थांबू नये असं कुठं लिहिलंय?"

हा प्रश्न बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. अशा वेळी माणूस नियमाकडून स्वभावाकडे वळतो. "हे असले चाळे सायकलीवर करायचे," ते म्हणाले, "इथे नाही."

"सायकलीवर मी याहून बरेच करते," असं म्हणून तिनं कुंपणाला बांधलेली आपली सायकल सोडवली. सायकल कसली, खेळणंच ते. चाकं बुटकी, हँडल उंच, सीट जवळजवळ जमिनीला लागलेली, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांच्या आसाला, दोन्ही बाजूंना, वीतभर लांबीची धातूची नळकांडी बाहेर आलेली. चार पावलं सायकल पळवून तिनं दोन्ही पाय पुढच्या नळकांड्यांवर ठेवले आणि पुढचा ब्रेक दाबला. मागचं चाक उचललं गेलं, कमरेइतकं वर आलं, सगळी सायकल पुढच्या चाकावर दारासारखी अर्धी फिरली, आणि मागचं चाक अलगद खाली टेकलं तेव्हा तिचं तोंड जिकडून आली त्या दिशेला होतं.

रांगेनं टाळ्या वाजवल्या. त्या मैदानावर टाळी वाजण्याची ही पहिलीच वेळ होती. तिथे आजवर फक्त उसासे निघत.

"याला एण्डो म्हणतात," ती म्हणाली. "फ्लॅटलँडमधला पहिला धडा. उड्या नाहीत, उतार नाहीत. सपाट जागा, सायकल आणि आपण."

आता इथे साहेबांनी गप्प बसायला हवं होतं. पण चाळीस लोक टाळ्या वाजवत असताना त्रेपन्न वर्षांच्या, हातात पॅड असलेल्या माणसाला गप्प बसणं फार जड जातं. "त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "तोलाचा खेळ आहे. महिनाभर मेहनत केली तर कुणालाही जमेल."

"तुम्हाला?"

"मलाही."

"मग ठरलं. तीस दिवसांनी माझी फेरपरीक्षा आहे. त्या दिवशी तुमचीही. तीन संधी. नाही जमलं तर निकालाच्या वहीत स्वतःच्या नावापुढे नापास लिहायचं."

"लिहीन," साहेब म्हणाले, आणि 'पुढचा' म्हणायला विसरले.

साहेबांची बायको एका मोठ्या हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर बसायची. दिवसभरात पाचशे माणसं पाचशे तऱ्हेचं काहीतरी विचारत असल्यामुळे तिला आश्चर्य वाटणं बंद झालं होतं. साहेबांनी सगळी हकीकत सांगितली तेव्हा ती चादरीच्या घड्या घालत होती. एक घडी पुरी करून ती म्हणाली, "अहो, सरळ जमिनीवर चालताना तुमचा गुडघा कुरकुरतो."

"गुडघ्याचा इथे काही संबंध नाही. तोलाचा खेळ आहे."

"नाव काय म्हणालात त्याचं?"

"एण्डो."

"अंडं?"

"एण्डो! ए, ण्डो!"

"तेच ते. दुसरं टोक धरा."

दुसरं टोक धरलं, पण त्या क्षणापासून त्या विद्येचं नाव अंडं पडलं ते पडलंच. दोन दिवसांत ते सगळ्या इमारतीत पसरलं. जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस विचारू लागला, "काय साहेब, अंडं कुठवर आलं?"

सायकल घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं सवयीनं विचारलं, "किती वय आहे?"

"त्रेपन्न."

"महिने?"

"वर्षं."

दुकानदारानं साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. खालपर्यंत पोचायला मध्ये पोटाचा वळसा होता, त्यामुळे थोडा वेळ लागला. मग तो आत गेला आणि सायकलीबरोबर एक हेल्मेट, कोपराची दोन कवचं, गुडघ्याची दोन कवचं, आणि जरा विचार करून दंडाची कवचं घेऊन बाहेर आला. साहेब सीटवर बसून बघायला गेले तर गुडघे हनुवटीला लागले. "बसायचं नसतं साहेब," दुकानदार म्हणाला. "सीट आपली नावाला असते." साहेबांना हे पटलं नाही. ज्या वाहनाची सीट नावाला असते त्याला त्यांनी आयुष्यात कधी पास केलं नव्हतं.

सरावाची पहिली जागा म्हणजे इमारतीखालचं पार्किंग. वेळ संध्याकाळी सहाची, म्हणजे सगळे रहिवासी कामावरून परतून सल्ला द्यायला मोकळे असण्याची. तळमजल्यावरचे निवृत्त गणिताचे सर खडू घेऊनच उतरले. त्यांनी फरशीवर साहेबांचा गुरुत्वमध्य काढून दाखवला. तो पोटाच्या साधारण एक वीत पुढे, हवेत निघाला. "म्हणजे साहेब, तुम्ही उभे आहात हीच मुळात आश्चर्याची गोष्ट आहे," सर म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरचा विमा एजंट फायलीसकट आला. त्यानं दोन पानं वाचून सांगितलं की आग, पूर आणि वीज पडणं यांत साहेब बसतात, पण 'स्वतःच्या हौसेनं पडणं' यात बसत नाहीत.

"मी पडणारच नाही," साहेब म्हणाले, आणि निघाले.

चार पावलं पळवून त्यांनी एक पाय नळकांड्यावर ठेवला. दुसरा पाय कुठे ठेवायचा हे आठवायच्या आत हातानं ब्रेक दाबला होता. सायकल जागच्या जागी थांबली. साहेब थांबले नाहीत. ते हँडलवरून तसेच पुढे गेले आणि विमा एजंटाच्या स्कूटरला त्यांनी मिठी मारली. स्कूटर शेजारच्या स्कूटरवर कलली, ती तिच्या शेजारच्या, ती तिच्या शेजारच्या. एकापाठोपाठ एक सात स्कूटरी आडव्या झाल्या. शेवटची गणिताच्या सरांची होती. सर खडू हातात धरून म्हणाले, "मी म्हणालो नव्हतो?" ते असं काहीच म्हणाले नव्हते, पण ती वेळ वाद घालण्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली रहिवासी मंडळाची सूचना लागली: 'आवारात कोणीही स्वेच्छेने पडू नये.' साहेबांना नियमांविषयी आदर होता. त्यांनी सूचना दोनदा वाचली, खाली वाचल्याची सही केली, आणि लंगडत ऑफिसला गेले.

गावात सपाट, गुळगुळीत, मोकळी अशी दुसरी जागा एकच होती, ती म्हणजे परीक्षेचं मैदान. ऑफिस दहाला उघडायचं. सकाळी साडेसहा ते आठ तिथे चिमण्यांखेरीज कुणी नसायचं. साहेबांनी रीतसर अर्ज लिहिला आणि हेडक्लार्क बाईंच्या टेबलावर ठेवला. हेडक्लार्क बाई म्हणजे त्या ऑफिसची स्मरणशक्ती. त्यांनी अर्ज वाचला, कपाट उघडलं, एक परिपत्रक काढलं.

"सदर मैदानावर यंत्रचलित वाहनांखेरीज अन्य कोणत्याही वाहनास प्रवेश असू नये," त्यांनी वाचून दाखवलं. "सायकलीला यंत्र नाही."

"कुठल्या शहाण्यानं काढलंय हे?"

बाईंनी परिपत्रक फिरवून साहेबांपुढे धरलं. खाली साहेबांचीच सही होती. आठ वर्षांपूर्वीची, ठसठशीत.

साहेब बराच वेळ आपल्या सहीकडे बघत राहिले. बाईंना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "वाहन म्हणून नाही नेता येणार. पण मैदानावर आठाच्या कडेनं ठेवलेले रबरी कोन झिजलेत का, ते तपासायला माणूस पाठवायचा आहे. कोनाला धडकून बघितल्याशिवाय झीज कशी कळणार? रोज तपासा, साडेसहा ते आठ. महिनाभर."

अशा प्रकारे साहेब दहाव्या दिवशी मैदानावर रुजू झाले. आणि कोनांची तपासणी त्यांनी मनापासून केली. एकही कोन असा उरला नाही, ज्यावर ते पडले नाहीत.

पहिले चार दिवस मागचं चाक जमिनीवरून इंचभरही उठेना. उठायचे ते साहेब. घरी बायको न विचारता बर्फाची पिशवी काढून ठेवायची. एकदा तिनं एवढंच विचारलं, "दुखतंय तिथे लावू, की जिथे दुखत नाही तिथे खूण करू? ते सोपं पडेल."

पंधराव्या दिवशी सकाळी साहेब नेहमीप्रमाणे आडवे झाले आणि कुंपणाबाहेरून आवाज आला, "खाली बघताय तुम्ही."

नमुनेवाली होती. पाठीवर नमुन्यांची थंड पेटी, एक पाय कुंपणाच्या कठड्यावर. "रोज इथून जाते. रोज बघते. आज राहवलं नाही. साहेब, जिथे बघाल तिथे पडाल. जमिनीकडे बघितलंत तर जमिनीवरच जाणार ना?"

"मग कुठे बघू?"

"जिथे तोंड करून उतरायचंय तिकडे. पण त्याच्या आधी पडायला शिका."

"पडायला काय शिकायचं? तेवढं येतंय मला."

"छे! तुम्ही पडत नाही, तुम्ही सांडता."

हे साहेबांच्या वर्मी लागलं. पण तिनं पेटी काळजीपूर्वक सावलीत ठेवली, आणि दहा मिनिटांत दाखवलं की सायकल आधी सोडायची, आपण नंतर सुटायचं. हात ताठ ठेवायचे नाहीत. आणि पडलोय हे मान्य करायला वेळ लावायचा नाही. मोडतात ते अर्ध्यावर सावरायला जाणारे. पुढचे तीन दिवस साहेब नुसते पडले. मुद्दाम, ठरवून, डावीकडे, उजवीकडे. चौथ्या दिवशी ते पडून उठले आणि अंगाला कुठेच लागलेलं नव्हतं. कपडे झटकताना त्यांना एकदम हसू फुटलं. आपण या मैदानावर मोठ्यानं हसतोय हे ध्यानात आल्यावर त्यांनी चटकन कुणी बघतंय का ते पाहिलं. त्याच दिवशी मागचं चाक उठलं. चांगलं वीतभर.

"तुम्हाला किती दिवस लागले होते?" त्यांनी कुंपणाशी थांबलेल्या नमुनेवालीला विचारलं.

"अर्ध्या फेऱ्यासकट? अकरा महिने."

"अकरा? मग मी महिना म्हणालो तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या ऐटीत म्हणालात! कशाला हिरमोड करा?"

पेटी पाठीवर चढवताना ती सहज बोलल्यासारखं बोलली, की एक तारखेपासून लॅब तिला नदीपलीकडचा भाग देणार होती. तिकडे सायकलीनं जाईपर्यंत नमुने खराब होतात, म्हणून स्कूटर, म्हणून परवाना. परवाना नसला तर भाग दुसऱ्याला. "आईला त्या भागाजवळ घर बघून ठेवलंय," ती म्हणाली. "जिना नसलेलं. तिला जिना चढवत नाही. पण काळजी नाही. या वेळी मी थांबणार नाही. सगळ्या जगासारखी घाईघाईत जाईन."

ती गेली. साहेब मैदानावर उभे राहिले. 'थांबू नये असं कुठं लिहिलंय?' हा प्रश्न एकोणीस दिवस त्यांच्या कानामागे डासासारखा गुणगुणत होता. दहाला ऑफिस उघडताच ते आत गेले, कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, आणि उभ्याउभ्या वाचलं. आठाची लांबी होती, रुंदी होती, रेषांचा रंग होता. उमेदवारानं पाय टेकू नये, रेषा ओलांडू नये. थांबण्याविषयी अक्षरही नव्हतं. त्यांनी पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं, शुद्धिपत्रक पाहिलं. पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं.

मग ते खुर्चीत बसले. आधी त्यांना वाटलं, कुणाला कळणार आहे? दहा दिवसांनी ती येईल, पास होईल, संपलं. मग वाटलं, आणि त्या दिवशी स्कूटर बंद पडली तर? ती आजारी पडली तर? घाईघाईत जाण्याची सवय नाही म्हणून खरंच पाय टेकला तर? शेवटी वाटलं ते असं, की पडलोय हे मान्य करायला आपण फार वेळ लावतोय.

ते उठून हेडक्लार्क बाईंकडे गेले. "एका उमेदवाराचा निकाल चुकलाय. दुरुस्त करायचाय."

बाईंनी नमुना सात काढला. "चुकीचं कारण सांगा. उमेदवाराची चूक, लेखनिकाची चूक, छपाईतली चूक, की नैसर्गिक आपत्ती?"

"निरीक्षकाची चूक."

बाईंनी चष्मा काढला. "असा रकाना नाही."

"का नाही?"

"कुणी केलीच नाही ना आजपर्यंत. लेखनिकाची लिहू? बिचारा निवृत्त झालाय, त्याला काही फरक पडत नाही."

"नाही. माझी आहे, माझीच लिहा."

"मग तुम्ही नैसर्गिक आपत्तीत बसता का बघते," असं त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "बसता."

साहेबांनी कोऱ्या कागदावर अर्ज केला. मोठ्या साहेबांनी तिसऱ्या दिवशी शेरा मारून परत पाठवला: 'असे प्रथमच घडत असल्याने पूर्वीचे उदाहरण जोडावे.' साहेबांनी तो शेरा सरळ वाचला, तिरका धरून वाचला. प्रथमच घडत असलेल्या गोष्टीचं पूर्वीचं उदाहरण आणायचं कुठून? त्यांना जन्मात पहिल्यांदा खिडकीच्या पलीकडे उभं राहिल्यासारखं वाटलं. आजवर किती माणसं असाच कागद हातात घेऊन आपल्यासमोर उभी राहिली असतील, हा विचार मनात आला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

वाट बाईंनीच काढली. "तोच अर्ज पुन्हा करा," त्या म्हणाल्या, "आणि पूर्वीचं उदाहरण म्हणून पहिला अर्ज जोडा."

कागद फिरत राहिला, तारखा पळत राहिल्या. साहेब सकाळी मैदानावर पडत होते आणि दुपारी टेबलाटेबलावर. चाक आता गुडघ्याइतकं उठायचं. एकदा पाव फेरा झाला, एकदा त्याहून थोडा जास्त. अठ्ठाविसाव्या दिवशी साहेब कोनांतून उठत असतानाच हेडक्लार्क बाई चक्क सकाळी सातला मैदानावर आल्या. हातात कागद होता. मंजूर. खाली लाल शाईत नवीन रकान्याची रेघ मारलेली.

तिसाव्या दिवशी मैदानाला जत्रेचं रूप आलं. त्या दिवसाचे उमेदवार होते, महिन्यापूर्वी नापास झालेले होते, पास झालेलेही सुट्टी काढून आले होते. गणिताचे सर होते. विमा एजंट होता. तो आपली स्कूटर लांब, पार रस्त्यापलीकडे लावून आला होता. साहेबांची बायको दुपारपर्यंतची रजा घेऊन रांगेच्या टोकाला उभी होती.

नमुनेवाली स्कूटर घेऊन आठापाशी आली तेव्हा साहेबांनी हात वर केला.

"तुमची परीक्षा नाही," ते म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "का? आता काय केलं मी?"

साहेबांनी खिशातून कागद काढला. ते वाचून दाखवणार होते. भाषा त्यांनी रात्री दोनदा घासून घेतली होती. पण वाचायच्या वेळी त्यांना त्यातलं एकही वाक्य बरं वाटेना. कागद त्यांनी तिच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गेल्या वेळी तुम्ही पास झाला होता. थांबू नये असं कुठंही लिहिलेलं नाही. मी चुकलो."

नमुनेवालीनं कागद वाचला, मागेपुढे फिरवला, पुन्हा वाचला. "एक तारखेच्या आत परवाना मिळेल?"

"आज बारा वाजता. सही झाली आहे."

तिनं फक्त कागदाची घडी घातली, नमुन्यांच्या पेटीत ठेवली, आणि पेटीचं झाकण दोनदा दाबून पाहिलं. "आता तुम्ही नाही केलंत तरी चालेल, साहेब," ती हळूच म्हणाली.

पण मागून कुणीतरी ओरडलं, "अंडं!" आणि सगळं मैदान ओरडू लागलं.

साहेबांनी कवचं बांधली. हेडक्लार्क बाई वही उघडून उभ्या राहिल्या. पहिल्या संधीला चाक उठलं, साहेब डावीकडे गेले; पण इतके व्यवस्थित, सफाईनं पडले की रांगेतून 'वा!' आलं. दुसऱ्या संधीला ब्रेक उशिरा लागला. तिसऱ्या वेळी त्यांनी जमिनीकडे पाहिलं नाही. चार पावलं, पाय वर, ब्रेक. चाक कमरेशी आलं. सायकल फिरू लागली. पाव फेरा झाला, आणखी थोडा, आणि मागचं चाक खाली आलं तेव्हा साहेबांचं तोंड उलट दिशेला होतं, समोर बायको होती, आणि मैदान टाळ्यांनी फुटलं होतं.

साहेबांनी हात वर केला. टाळ्या थांबेनात. त्यांनी पुन्हा केला.

"पाय टेकला," ते म्हणाले.

"कुठे? कुणी नाही पाहिलं!" गणिताचे सर म्हणाले. "कसला टेकला!" एजंट म्हणाला. नमुनेवालीही म्हणाली, "साहेब, अंगठा लागला असेल नुसता. धरत नाहीत तो."

"धरतात," साहेब म्हणाले. वही घेतली, रेघेवर आपलं नाव लिहिलं, अगदी आडनावासकट, आणि पुढे लिहिलं, नापास. आणि गंमत अशी, की लिहिताना त्यांना वाईट वाटलं नाही. नुसती भूक लागली.

त्यानंतर पैज नव्हती, गर्दी नव्हती, कारणही नव्हतं. तरी साहेब रोज साडेसहाला मैदानावर जात राहिले. कोन तपासणीची मुदत हेडक्लार्क बाईंनी न विचारता वाढवून ठेवली होती. नमुनेवाली नदीपलीकडे गेली. अधूनमधून रविवारी यायची, आईला मागे बसवून. साहेबांत एवढाच फरक पडला, की परीक्षेच्या आधी ते रांगेसमोर दोन मिनिटं उभे राहायचे आणि सांगायचे, "खाली बघू नका. जिकडे जायचंय तिकडे बघा. आणि घाई नको. थांबलात तरी चालतं." उसासे त्या मैदानावर अजूनही निघायचे, पण पूर्वीइतके नाहीत.

आणि एका साध्या मंगळवारी, सात वाजून दहा मिनिटांनी, ते झालं. चाक उठलं, सायकल फिरली, खाली आली. साहेब पाय वर ठेवूनच काही क्षण उभे राहिले. अंगठासुद्धा टेकला नव्हता. आजूबाजूला पाहिलं तर कुणी नाही. त्यांनी फोन काढला. बायकोची त्या आठवड्यात सकाळची पाळी होती.

"चौकशी," पलीकडून आवाज आला.

"जमलं."

"कोणता वॉर्ड?"

"अगं, मी! जमलं! पाय टेकला नाही!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तिथेच थांबा. मी आले."

हॉस्पिटल मैदानापासून दोन चौकांवर होतं. ती आली तेव्हा तिला धाप लागली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं, आणि पाठीमागे हॉस्पिटलात, असं नंतर कळलं, तब्बल चाळीस मिनिटं कुणालाच कुठला वॉर्ड कुठे आहे ते सांगता येत नव्हतं.

"करा," ती म्हणाली.

साहेबांनी केलं. जमलं नाही. पुन्हा केलं. अकरा वेळा केलं. चाक उठायचं, फिरायचं, आणि शेवटच्या क्षणी पाय टेकायचा.

"झालं होतं," साहेब म्हणाले. "खरंच झालं होतं."

"माहीत आहे मला. फोनवर ऐकलं ना मी." तिनं चप्पल काढून कडेला ठेवली आणि सायकलीपाशी आली. पुढच्या चाकाच्या त्या नळकांड्याकडे जरा वेळ बघितलं. "यावर नुसतं उभं राहता येतं?"

"येतं. मी हँडल धरतो. तू ब्रेक दाबून ठेव. आधी डावा पाय."

एका हातानं ब्रेक दाबून, दुसऱ्या हातानं त्यांचा खांदा घट्ट धरून तिनं डावा पाय ठेवला. मग उजवा. सायकल थरथरली. साहेब सांगायला तोंड उघडणार, की खाली बघू नकोस. पण ती बघतच नव्हती. तिची नजर समोर, कुंपणाच्याही पलीकडे होती. हळूहळू तिनं त्यांच्या खांद्यावरचा हात काढला आणि हँडलवर ठेवला.

"सोडू?" त्यांनी विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. आणि मग, "हं. आता सोडा."